पप्पा गेल्यावर मी प्रार्थना करायला शिकले, त्याची हकिकत

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. आमच्या नगरच्या घरात तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. पप्पांना जाऊन सव्वा महिना झाला होता आणि त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा ठेवली होती. दोन गीतं झाली, वचन झालं. मग काका म्हणाले, "आता थोरली लेक प्रार्थना करील."

मी उभी राहिले, डोळे मिटले. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या," एवढं म्हटलं आणि पुढे शब्दच नाहीत. पंख्याचा आवाज येत होता, कुणीतरी खोकलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मागून एका म्हाताऱ्या बाईंनी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" असं प्रभूच्या प्रार्थनेला तोंड फोडलं, सगळ्यांनी सूर धरला आणि मी खाली बसले.

आमच्या तीन पिढ्या ख्रिस्ती. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, मला पाठांतराची बक्षिसं मिळालेली. तरी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला प्रार्थना येत नव्हती, कारण ती कधी करावीच लागली नव्हती. घरात प्रार्थना पप्पा करायचे. रात्री जेवणं झाली की शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं, एक अध्याय, मग त्यांची प्रार्थना. आई आणि मी फक्त "आमेन" म्हणायचो. पप्पांबरोबर घरातला तो आवाजच गेला. त्या सभेनंतर मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तिघी-चौघींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, आम्हालाही जमत नाही." त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी प्रभूच्या प्रार्थनेला तोंड फोडणाऱ्या त्या बाईंकडे गेले. निवृत्त शिक्षिका आहेत, सगळी मंडळी त्यांना बाईच म्हणते. म्हटलं, बाई, प्रार्थना कशी करायची ते शिकवा. त्यांनी लूकचा अकरावा अध्याय उघडला आणि पहिल्याच वचनावर बोट ठेवलं. येशूचा एक शिष्य त्याला म्हणतो, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. "हे लहानपणापासून स्तोत्रं म्हणणारे लोक," बाई म्हणाल्या. "त्यांनाही विचारावं लागलं. तू लाजू नकोस." मग पद्धत सांगितली. शास्त्रातला प्रार्थना करणारा एक माणूस घ्यायचा आणि दोन आठवडे त्याच्याबरोबर राहायचं. त्याची प्रार्थना रोज मोठ्यानं वाचायची. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: तो कुठे उभा होता, काय म्हणाला, त्याला काय मिळालं. आणि शेवटी त्याच्यासारखं एक वाक्य आपलं. एकच.

साठ रुपयांची लांब वही आणली. पप्पांचं शास्त्र बारीक टाइपाचं, चष्मा लावूनही ताण यायचा, म्हणून मोठ्या अक्षरांचं एक घेतलं. वेळ ठरवली रात्री साडेनऊ, पप्पांचीच.

इथे दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण दोन्ही एकमेकींत गुंतल्या आहेत. पप्पा अनुदानित शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर त्यांची पेन्शन थांबली आणि आईच्या नावे कुटुंब निवृत्तीवेतन सुरू करून घ्यायचं होतं. ७ ऑक्टोबरला मी अर्ज दिला: मृत्यूचा दाखला, पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत, आईचं आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, फोटो. "महिना-दीड महिना लागेल," असं सांगितलं गेलं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, मग दिवाळी आली. जावं तेव्हा टेबलावरची माणसं निवडणुकीच्या कामाला गेलेली.

हन्ना

पहिले दोन आठवडे हन्नाचे. पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय. हन्नाला मूल नाही, सवत टोचून बोलते, जेवण जात नाही. शिलोच्या मंदिरात ती रडत प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, आवाज ऐकू येत नाही. दाराशी बसलेला एली याजक तिच्या तोंडाकडे बघतो आणि त्याला वाटतं, ही बाई प्यालेली आहे.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती, पण तिच्या मुलाची, शमुवेलाची गोष्ट म्हणून. हन्नाच्या ओठांकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. त्या रात्री जाणवलं की शास्त्रातली ही एवढी मोठी प्रार्थना शेजारी उभ्या माणसालाही ऐकू आलेली नाही, आणि ज्याचं कामच प्रार्थना ओळखण्याचं त्याला ती ओळखता आली नाही. सभेत आवाज फुटला नाही म्हणून मी इतके दिवस शरमेनं जळत होते.

वहीत आणखी एक लिहिलं आहे. एली तिला शांतीनं जा म्हणतो. ती जाते, जेवते, आणि मग तिचा चेहरा उदास राहत नाही. मूल अजून झालेलं नाही, हाती काही आलेलं नाही. दहा वचनांचं तिचं सुंदर स्तोत्र पुढच्या अध्यायात येतं, मूल झाल्यावर, त्याला मंदिरात सोडताना. आधी पुटपुटणं, गाणं किती तरी नंतर. मी मात्र पहिल्याच दिवशी गाणं म्हणायला उभी राहिले होते.

माझं पहिलं वाक्य ११ ऑक्टोबरचं आहे. "देवा, घर फार शांत झालं आहे." ते मोठ्यानं म्हटलंसुद्धा नाही, ओठ हलवले फक्त.

कोठवर

मग स्तोत्रं. दीडशेंतली कुठली घ्यायची ते कळेना. बाई म्हणाल्या, तेरावं घे, सहाच वचनांचं आहे. सुरुवातीलाच एक प्रश्न चार वेळा: कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. पेन्शनच्या खिडकीतून परतताना रिक्षात हा एकच शब्द मनात असायचा. तोच शब्द शास्त्रात छापलेला बघून मी थबकले. मला वाटायचं, देवाला असं विचारणं म्हणजे विश्वास कमी पडणं. आणि इथे तर ते भक्तीत म्हणायचं गीत आहे.

नोव्हेंबर फार वाईट गेला. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ येऊन गेला होता. तो परतल्यावर आई दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. पप्पांच्या चपला दाराशीच होत्या, त्या उचलायचं कुणाला धैर्य होत नव्हतं. मला देवाचा राग येत होता आणि त्या रागाचाही राग येत होता. बाईंना फोन केला. "अठ्ठ्याऐंशी वाच," त्या म्हणाल्या. ते स्तोत्र अंधारात संपतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. मी घाईनं पुढचं पान उलटायला गेले, तर पलीकडून बाई म्हणाल्या, "एकोणनव्वद उद्या. आज तिथेच थांब." चार रात्री तिथेच थांबले. त्या चार पानांवर माझं एकही वाक्य नाही, नुसत्या तारखा आहेत. अशी रिकामी पानं तुमच्या वहीतही येतील. ती फाडू नका.

पत्र

२६ नोव्हेंबरला पोस्टानं पाकीट आलं. "प्रस्तावात आढळलेल्या त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा." त्रुटी अशी की पप्पांच्या सेवापुस्तकात आणि पीपीओमध्ये आईचं नाव मराठी शास्त्रातल्या रूपात आहे आणि आधारवर इंग्रजी रूपात. मरीया आणि मेरी, योहान आणि जॉन, असा हा घोळ आपल्या घरोघरी आहे. कागदाच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या बायका झाल्या होत्या. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "म्हणजे मी त्यांची बायको नाही का?"

त्या आठवड्यात वहीत हिज्कीया होता. हे जुळवून आणलेलं नाही, बाईंनी यादीच तशी दिली होती. अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्याकडून यरुशलेमात राज्य करणाऱ्या या हिज्कीयाला धमकीचं पत्र येतं. दुसऱ्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. हिज्कीया पत्र वाचतो, मंदिरात जातो आणि ते पत्र परमेश्वरापुढे पसरतो. उलगडून ठेवतो आणि म्हणतो, डोळे उघडून बघ.

रात्री साडेनऊला मी ते पत्र आईच्या पलंगावर चादर सारखी करून पसरलं. घडीमुळे वर उचललं जाणारं टोक पप्पांच्या चष्म्याच्या घरानं दाबलं. आई एका बाजूला, मी एका बाजूला. खाली गोल निळा शिक्का, जावक क्रमांक, सही. मी पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, "विषय" आणि "संदर्भ" सकट. मग म्हटलं, "देवा, हे असं आलं आहे. बघ."

आवाज काढून केलेली ही माझी पहिली प्रार्थना. मी काही मागितलंसुद्धा नव्हतं.

हिज्कीयाच्या प्रार्थनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अश्शूरच्या राजांनी देशोदेश उद्ध्वस्त केले हे खरं आहे, असं तो देवाला सांगतो. संकट लहान करून दाखवत नाही. आपल्याकडे प्रार्थनेत लगेच "तुला सर्व शक्य आहे" म्हणायची घाई असते. आधी "हे खरं आहे" म्हणायला मी त्याच्याकडून शिकले.

नोंदवही आणि खिडकी

त्रुटी दूर करायला दोन कागद लागले. एक, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. टायपिंग आणि नोटरी मिळून साडेतीनशे रुपये. दुसरा, मंडळीतल्या लग्नाच्या नोंदवहीचा उतारा, शंभर रुपयांची पावती. ११ डिसेंबरला मी चर्चच्या कार्यालयात बसले होते. कारकुनांनी कपाटातून जाड, कापडी पाठीची वही काढली, १९७८चं पान लावलं आणि माझ्याकडे वळवली. पप्पांची सही. पंचवीस वर्षांच्या मुलाची, किंचित वर चढत गेलेली. शेजारी आईची, एकेक अक्षर सुटं. शाई तपकिरी पडली होती. मी सहीवर बोट ठेवलं आणि तोंडातून "धन्यवाद, प्रभू" निघालं. कारकून म्हणाले, "आमेन." मला कळलंही नव्हतं की मी मोठ्यानं बोलले.

१६ डिसेंबरला कागद घेऊन पुन्हा खिडकीशी. तेव्हा नहेम्या चालू होता. राजाच्या पेयाची जबाबदारी असलेला हा माणूस यरुशलेमचा कोट पडल्याची बातमी किसलेव महिन्यात ऐकतो, रडतो, उपास करतो. राजाशी बोलायची संधी येते ती नीसानमध्ये, म्हणजे चारेक महिन्यांनी. राजा विचारतो, तुझं मागणं काय? दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तो देवाची प्रार्थना करतो आणि पाचव्यात राजाला उत्तर देतो. मध्ये श्वासाइतकी जागा. त्या श्वासामागे मात्र चार महिने आहेत. आणि तो मागतो काय? नदीपलीकडच्या अधिपतींच्या नावे पत्रं, आणि लाकडासाठी राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे पत्र! प्रार्थना करणारा माणूस कागद विसरलेला नाही.

खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता "काय?" विचारलं, तेव्हा मी तो श्वास घेतला. मनात फक्त "प्रभू." मग नीट, न चिडता बोलू शकले. त्या ऑफिसात हे पहिल्यांदाच झालं. व्यवहाराचं सांगते: प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑक्टोबरमध्ये मी शिक्का घेतला नव्हता, त्याचा फार त्रास झाला.

नाताळात यंदा चांदणी लावायची नाही असं आई म्हणाली होती. २३ तारखेला तिनंच माळ्यावरून काढायला लावली. करंज्या थोड्याच केल्या.

जानेवारीत मी थकले. पंधरा दिवस वही उघडली नाही. शेवटी मंडळीच्या महिला मंडळात सांगून टाकलं की माझ्याच्यानं होत नाही. त्यांनी वार वाटून घेतले. रोज साडेनऊला त्यांच्यातली एक जण आमच्यासाठी प्रार्थना करायची, आपापल्या घरी. लढाई चालू असताना डोंगरावर हात वर करून उभ्या असलेल्या मोशेचे हात भरून येतात तेव्हा अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवतात, ती गोष्ट पूर्वी चित्रापुरती माहीत होती. मागणं सोपं नव्हतं. आमच्या घराला लोकांसाठी प्रार्थना करायची सवय, लोकांना "आमच्यासाठी करा" म्हणायची नाही.

६ मार्च २०२५ला आईच्या खात्यात थकबाकीसह रक्कम जमा झाली. अर्जापासून पाच महिने, चौदा फेऱ्या, झेरॉक्स-रिक्षा धरून बाराशेच्या आसपास खर्च. हे प्रार्थनेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. प्रतिज्ञापत्र आणि नोंदवहीचा उतारा यांमुळे झालं. जिच्या घरी रक्कम अजून आलेली नाही तिची प्रार्थना माझ्याहून कमी नाही. पण ते पाच महिने मी एकटीनं काढले नाहीत, एवढं ठामपणे सांगते.

तेच शब्द

एप्रिलमध्ये, दुःखसहनाच्या आठवड्यात गेथशेमाने, म्हणजे येशूनं मरणाआधीच्या रात्री प्रार्थना केली ती जागा. मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात येशू तीन वेळा प्रार्थनेला जातो आणि तिसऱ्यांदा पुन्हा तेच शब्द बोलतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि सहाव्या अध्यायात त्यानंच सांगितलं आहे की व्यर्थ बडबड करू नका. हे दोन्ही कसं बसवायचं यावर मी बरेच दिवस अडकले होते, कारण माझी वाक्यंही तीच ती असायची. आता मला असं वाटतं की बडबड शब्दांच्या पुनरुक्तीत नसते. ज्याचं ओझं एक आहे त्याचं वाक्यही एकच असणार. येशूचं मागणं होतं, हा दुःखाचा प्याला टळू दे. प्याला टळला नाही. येशूनंही मागितलं आणि मागितलेलं मिळालं नाही, हे मी पप्पांच्या दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याशेजारी ठेवून वाचते.

शिष्य झोपी गेले, त्याचं कारण लूक देतो: दुःखामुळे. नोव्हेंबरात अंथरुणात पडून राहिलेली आई मला तिथे दिसली.

भाषेबद्दल थोडं. पप्पांच्या प्रार्थनेत "सर्वसमर्थ", "कृपाळू", "सान्निध्य" असे शब्द असायचे आणि त्यांच्या तोंडी ते खरे होते. माझ्या तोंडी येत नाहीत. पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावात राहून मूळ हिब्रू-ग्रीकवरून शास्त्राचं मराठी केलं, तेही साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून सोप्या बोलीत. मग माझी बोली देवाला का चालणार नाही, असं बाईंनी विचारलं होतं. विठ्ठलाला, आईला, देवाला मराठी माणूस "तू" म्हणतो. त्या "तू"नंतर जे घरात बोलतो तेच बोलायचं. आणि अडलंच तर प्रभूची प्रार्थना आहे. तिच्यात "मी" कुठेच नाही, सगळं "आम्हाला" आहे, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. एकटीनं म्हटली तरी ती एकटीची होत नाही.

१४ ऑगस्ट २०२५. वर्ष झालं. पुन्हा तीच खोली, तीच माणसं, थोडी कमी. काकांनी या वेळी नाव घेतलं नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं. मी उभी राहिले. वही हातात होती, उघडली नाही. म्हटलं, "देवा, पप्पा नाहीत, हे खरं आहे. आम्हाला त्यांची फार आठवण येते. तू आईला सांभाळलंस. पुढेही सांभाळ. आमेन." अर्धा मिनिटही झालं नसेल. मध्ये एकदा आवाज अडकला, तेव्हा थांबले आणि मग पुढे बोलले.

आता साडेनऊला आईही बसते. सध्या अब्राहाम चालू आहे, उत्पत्तीचा अठरावा अध्याय. सदोम शहराचा नाश होऊ नये म्हणून तो देवाशी घासाघीस करतो. सदोमात पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा. आई म्हणाली, "दहावर का थांबला गं तो? आणखी खाली का नाही आला?" मला उत्तर आलं नाही. बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, मीही पुन्हा वाचते. दोन आठवडे संपले, पण आम्ही अजून त्याच पानावर आहोत.